विज्ञान कार्यशाळेचं सामान: हळद, बेदाणे, एक तंगूस आणि पुराची पट्टी

फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांतून ज्वालामुखी फुटायला लागतात. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, मातीचा डोंगर, पोटात खायचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. दहा सेकंद फेस, टाळ्या, फोटो, मग फरशी पुसायची. मुलांना मजा येते, नाही असं नाही. पण त्या डोंगरात मुलाने बदलून बघावं असं काही ठेवलेलंच नसतं. सोडा टाकला, फेस आला, संपलं.

कार्यशाळेसाठी प्रयोग निवडताना आमची अट एकच असते. मुलाला स्वतःच्या हाताने त्यातली एक गोष्ट बदलता आली पाहिजे आणि तेवढ्याने काहीतरी वेगळं दिसलं, ऐकू आलं किंवा मोजता आलं पाहिजे. दुसरी सोय म्हणजे सामान गावातच मिळावं. मुंबई-पुण्याहून मागवलेलं किट संपलं की प्रयोगही संपतो. किराणा दुकानातलं सामान असेल तर पोरगं घरी जाऊन तेच पुन्हा करतं, आईच्या शिव्या खातं, आणि खरं शिक्षण तिथे होतं. या बाबतीत सांगली जिल्ह्याला तक्रारीला जागा नाही.

हळद आणि चुन्याची निवळी

हळदीचा कागद साबणाने लाल होतो, हे पाठ्यपुस्तकात आहेच. त्यात थोडी भर घातली की पाचवी-सहावीतली मुलं चक्क अनुमापन (टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजून द्रावणात किती पदार्थ आहे ते काढणं) करतात, तेही तो शब्द न ऐकता.

एक सपाट चमचा हळद ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा आणि दहा मिनिटं गाळ बसू द्या. वरचा नितळ पिवळा अर्क तेवढा घ्यायचा. पाण्यात ही गोष्ट जमत नाही, कारण हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही. नुसता गढूळ पिवळा रंग मिळतो आणि बदल नीट दिसत नाही. स्पिरिट पेट घेतं, म्हणून त्या खोलीत मेणबत्ती किंवा काडेपेटी नको.

निवळीसाठी आदल्या रात्री लिटरभर पाण्यात पानवाल्याकडचा चुना दोन चमचे घालून हलवून ठेवा. सकाळी वरचं पाणी न हलवता काढून घ्या. हे पाणी डोळ्यात गेलं तर जोरात झोंबतं. ते वाढायचं काम मोठ्यांनी करावं, आणि हात धुवायला बादली शेजारीच असावी.

आता प्रत्येक जोडीला दोन पांढऱ्या वाट्या द्या. पहिलीत एक चमचा निवळी, दुसरीत दोन. प्रत्येकीत पाच थेंब अर्क पडला की दोन्ही लालभडक होतात. मग लिंबाचा रस. लिंबू सरळ पिळलं तर दोन-चार थेंबांतच खेळ आटोपतो आणि मोजायला काही उरत नाही, म्हणून एक भाग रसात चार भाग पाणी घालायचं. ड्रॉपरने एकेक थेंब टाकत, ढवळत, मोजत जायचं. लाल जाऊन पिवळा परत आला की आकडा लिहून ठेवायचा. दोन चमचेवाल्या वाटीला साधारण दुप्पट थेंब लागतात. ज्या जोडीचे दीडपट किंवा तिप्पट आले, त्यांचा चमचा सपाट होता की शीग लावलेला, हे त्यांनाच शोधू द्या.

मुलं खरी चमकतात ती पुढच्या फेरीत. दुप्पट चुना घालून केलेली दुसरी निवळी द्या आणि आधी अंदाज विचारा. सगळे म्हणतात, थेंबही दुप्पट लागणार. प्रत्यक्षात तेवढेच लागतात. पाण्यात चुना विरघळायला मर्यादा आहे. ती पहिल्याच निवळीत गाठली गेली होती, आणि जास्तीचा चुना तळाशी गाळ होऊन बसला. संपृक्त द्रावणाची व्याख्या याच्यानंतर सांगा. तेव्हा ती चिकटते.

फसण्याची हमखास जागा म्हणजे वेळ. कर्क्युमिन अल्कलीमध्ये टिकत नाही. अर्क घालून वाटी तशीच ठेवली आणि गुरुजी बोलत राहिले, तर लाल रंग आपोआप उतरून मळकट पिवळा होतो आणि मुलांची मोजणी वाया जाते. आधी बोलून घ्या, अर्क शेवटी घाला. निवळीऐवजी खायचा सोडा वापरायचा मोह टाळा. तो सौम्य असल्याने हळद जेमतेम नारिंगी होते आणि रंग नेमका कधी परतला यावर भांडणं होतात.

उरलेल्या अर्कात फिल्टर पेपर बुडवून सावलीत वाळवा. त्यावर कडुनिंबाची डहाळी ठेवून वर काच दाबा आणि कडक उन्हात दोन-तीन तास ठेवा. उन्हाने हळदीचा रंग विटतो, पानाखाली तो शाबूत राहतो. मग कागदावरून धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं की पानाची आकृती तांबडी उठते. एप्रिलमध्ये छान जमतं, जुलैमध्ये नाद करू नका.

नाचणारे बेदाणे

उंच पारदर्शक ग्लासात बाटलीतला ताजा, प्यायचा सोडा ओतायचा आणि त्यात चार-पाच बेदाणे टाकायचे. ते बुडतात, सुरकुत्यांमध्ये कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धरतात, हलके होऊन वर येतात, वर बुडबुडे फुटतात आणि पुन्हा खाली. प्रयोग जुनाच आहे, पण तासगावच्या बेदाण्यांवर तो करताना मुलांना आपलेपणा वाटतो, आणि उरलेला कच्चा माल खाताही येतो.

बदलायला इथे भरपूर आहे. अख्खा बेदाणा की अर्धा कापलेला, गार सोडा की कोमट, सुरकुतलेला बेदाणा की रात्रभर पाण्यात फुगवलेला. मिनिटाला किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं. बेदाणे तळाशी ढिम्म बसून राहिले तर बहुतेक वेळा एक तर सोडा उघडून ठेवलेला असतो, नाही तर बेदाणे मोठे आणि वरून तेलाचा हात लागलेले चकचकीत असतात. कोमट पाण्यात धुऊन पुसून घेतले की चालू लागतात.

मोरचूद, पण आठवीपासून पुढे

द्राक्षबागांच्या पट्ट्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घरोघरी असतो. तो विषारी आहे हेही घरोघरी माहीत असतं, तरी पुन्हा सांगायचंच. हातमोजे, प्लास्टिकचा कप, डब्याची वेळ जवळ नसावी.

१०० मिली पाण्यात एक चमचा मोरचूद, त्यात पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा. पाच मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर येतो. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. खिळा जस्त चढवलेला, म्हणजे पत्र्याला मारतात तसला पांढरट असेल, तर त्यावर काळसर गाळ जमतो आणि मुलं हिरमुसतात. हार्डवेअरच्या दुकानात साधा काळा खिळा मागा. स्टीलच्या चमच्यावर काहीच होत नाही. तो मुद्दाम एका कपात ठेवावा.

बागायतदाराच्या घरातलं मूल वर्गात असेल तर त्याला बोर्डो मिश्रणाबद्दल, म्हणजे बागेवर फवारतात त्या बुरशीनाशकाबद्दल, विचारा. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. मिश्रण तयार झाल्यावर त्यात विळ्याचं पातं बुडवून बघतात. पातं तांबूस झालं तर मोरचूद अजून मोकळा आहे, पानं करपतील, चुना वाढवा. म्हणजे आजोबा बागेत हाच खिळ्याचा प्रयोग करत आलेत, फक्त वहीत न लिहिता. प्रयोग संपल्यावर उरलेलं निळं पाणी मोरीत ओतायचं नाही, माशांना ते फार घातक असतं. त्यात चुना घालत जा, खिळा तांबूस होणं थांबलं की गाळ बसू द्या, आणि तो गाळ विहीर-ओढ्यापासून लांब कोरड्या जागी पुरा.

एक तार, साठ सेंटिमीटर

मिरजेत तंबोरे बनतात हे इथल्या पोरांना माहीत असतं, पण तंबोऱ्याला हात लावू कोण देणार? म्हणून फळीवर एक तार लावायची. सगळ्या प्रयोगांत आमचा जीव या प्रयोगावर जास्त आहे, आणि शाळांमध्ये तो दिसतो मात्र सगळ्यांत कमी.

पॅकिंगच्या खोक्याची ७५ सेंटिमीटर लांब, हातभर रुंदीचीही गरज नाही, दहा सेंटिमीटर पुरे, अशी फळी घ्या. एका टोकाला चूक ठोकून त्याला अर्ध्या मिलिमीटरची तंगूस बांधा, गळाला लावतात ती. फळीवर आडव्या दोन पेन्सिली चिकटवा, त्यांच्यात बरोबर ६० सेंटिमीटर अंतर. या दोन घोड्या. तंगूस त्यांच्यावरून नेऊन टेबलाच्या काठावरून खाली सोडा आणि टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टांगा. फळी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर ठेवली तर आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, नाहीतर छेडणाऱ्यालाच ऐकू येतो. बारीक तार एकटी हवा फारशी हलवू शकत नाही. तंबोऱ्याला भोपळा लागतो तो याचसाठी.

आता तिसरी पेन्सिल तारेखाली सरकवत मुलांनी कानाने सूर शोधायचे. आकडे आधी सांगू नका. वर्गात एखादं तरी मूल गाण्याच्या क्लासला जातं, त्याच्याकडे जबाबदारी द्या. सूर लागला की फळीवर खूण, सगळ्या खुणा झाल्या की मोजपट्टी. मोकळी तार ६० सेंटिमीटरवर सा मानली तर ग सुमारे ४८ वर, म ४५ वर, प ४० वर आणि वरचा सा ३० वर सापडतो. ६० ला ४० म्हणजे दोन-तृतीयांश, ४५ म्हणजे तीन-चतुर्थांश, ३० म्हणजे निम्मी. अपूर्णांकांना नाकं मुरडणारी मुलं इथे स्वतःहून भागाकार करतात. रे ५३ च्या थोडं पुढे येतो, ध ३६ वर, नी ३२ वर, पण ते शोधायला कान तयार लागतो. नाही सापडले तर सोडून द्या.

खुणा चुकतात त्या बहुधा सरकत्या पेन्सिलीच्या उंचीमुळे. ती इतर दोघींपेक्षा फार उंच असेल तर तार उचलली जाऊन जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मग प ४० ऐवजी ४१-४२ वर सापडतो. तारेला जेमतेम टेकेल एवढीच उंची ठेवा. नायलॉन सुरुवातीला सैल पडत जातं, म्हणून बाटली टांगल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा.

मग लांबी तशीच ठेवून वजन बदलायचं. प्रश्न असा टाका: वरचा सा हवा, किती बाटल्या? वर्ग एका सुरात ‘दोन’ म्हणतो. दोन लावून ऐकवा, कमी पडतात. तीन, अजून कमी. चार बाटल्या कापडी पिशवीत घालून टांगल्या की लागतो. लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट होतात, ताण मात्र चौपट करावा लागतो. चारलाही सूर किंचित खाली राहिला तर दोष टेबलाच्या काठाचा. तिथे घर्षणात ताण खाल्ला जातो. काठावर बॉलपेनची रिकामी नळी चिकटवून तार तिच्यावरून सोडा. तार तुटली तर झटका बसतो, म्हणून तोंड लांब आणि पिशवीखाली पाय नको.

तंबोऱ्याचा तो घुमणारा, झळाळता आवाज मात्र या फळीतून येणार नाही. त्याला जवारी लागते: रुंद, किंचित उतरती घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा. पेन्सिलीची धार तार एका बिंदूवर धरते. रुंद घोडीवर तार कंप पावताना टेकत-सुटत राहते आणि त्यातून वरचे स्वर उमटतात. ज्यांच्या शोधामुळे २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्या सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या त्या कामाआधी, १९२१ मध्ये, तंबोरा आणि वीणेच्या याच घोडीवर लेख लिहिला होता. विज्ञान दिनाला मिरजेत ज्वालामुखी करण्यापेक्षा मुलांना वाद्य बनवणाऱ्या कारागिराच्या दुकानात नेऊन दोरा सरकवताना आवाज कसा बदलतो ते ऐकवलं तर जास्त शोभेल.

आयर्विन पुलाची पट्टी

सांगलीच्या मुलांना दोन आकडे पाठ असतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. हे आकडे घेऊन सातवी-आठवीची मुलं दीड तासात भोंगा बनवतात.

सामान: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर, छोटा बझर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, वायर, ३० सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी, २० लिटरची बादली. पट्टीवर अर्धा सेंटिमीटर म्हणजे एक फूट धरा. इशारा २० सेंटिमीटरवर येतो, धोका २२.५ वर, २०१९ ची पातळी २८.५ च्या आसपास.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. बझरची ऋण बाजू कलेक्टरला, धन बाजू बॅटरीच्या धन टोकाला. बेसला रेझिस्टर, त्याच्यापुढे वायर, तिचं सोललेलं टोक पट्टीवर २२.५ ला चिकटवा. बॅटरीच्या धन टोकापासून दुसरी वायर पट्टीच्या तळाला. पट्टी बादलीत उभी करा आणि मगाने पाणी ओतत जा. पाणी वरच्या टोकाला शिवलं की बझर वाजतो. पाण्यातून जाणारा प्रवाह फार बारीक असतो, एकट्याने बझर वाजवायची त्याची ताकद नसते. ट्रान्झिस्टर त्याच्या इशाऱ्यावर बॅटरीचा मोठा प्रवाह सोडतो. हे पटवायचं तर ट्रान्झिस्टर काढून बझर थेट पाण्यातून जोडून दाखवा, तो गप्प राहील.

वाजत नसेल तर आधी बझर उलटा जोडलाय का बघा, मग ट्रान्झिस्टरचे पाय, मग बॅटरी. फिल्टरचं पाणी वापरलं असेल तर चिमूटभर मीठ टाका, कारण त्यातले क्षारच काढून घेतलेले असतात. सतत वाजत असेल तर पट्टी वरपर्यंत ओली आहे, पुसून घ्या. थोड्या वेळाने धन टोकाची तांब्याची वायर हिरवट होऊन झिजते. तिथे दोन्हीकडून टोक काढलेल्या पेन्सिलीचं शिसं लावलं की हा त्रास जातो.

एक अडचण मुद्दाम राहू द्या. मगातलं पाणी जोरात ओतलं की लाट उसळते आणि पूर नसताना भोंगा वाजतो. उपाय काय, हे मुलांनाच विचारा. कोणी वायर वर सरकवतं, कोणी हळू ओता म्हणतं. थोड्या वेळाने कुणीतरी पट्टी पाइपमध्ये घालायचं सुचवतं. पाइपला तळाशी दोन-तीन बारीक भोकं पाडली की आत पातळी तीच राहते, लाट मात्र शिरत नाही. नदीची पातळी नोंदवणारी यंत्रंही अशाच शांत नळीत किंवा विहिरीत बसवतात.

शोबद्दल थोडं

दोनशे मुलं असतील तर कार्यशाळा होत नाही, शो करावा लागतो. हरकत नाही, फक्त त्यात तीन-चारच गोष्टी ठेवा आणि त्या शेवटच्या रांगेतून दिसायला हव्यात. प्रत्येक वेळी आधी हात वर करून अंदाज घ्या, मग करा. इथल्या मुलांना चमत्कारांची उकल बघायची सवय आहे, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी ती लावली. सुरीला जास्वंदीचं फूल चोळून वाळवा, त्या सुरीने लिंबू कापलं की ‘रक्त’ येतं. लगेच एका मुलीला बोलावून साध्या सुरीने कापायला लावा, म्हणजे गुपित सुरीत आहे हे तिचं तिलाच कळतं.

पाण्याच्या पेल्यावर पुठ्ठा धरून पेला उलटा केला तरी पाणी सांडत नाही, हा प्रयोग लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर उत्तम होतो. सात सेंटिमीटर तोंडाच्या पेल्यात २०० ग्रॅम पाणी, आणि हवा खालून साधारण ३७ किलोंचा जोर लावते. प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला टाचणीचं भोक पाडून त्यावर बोट ठेवा, पेला उलटा करा. बोट उचललं की पाणी खाली. बादली विसरू नका.

ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती आणि वर पेला हा प्रयोग करणार असाल तर कृपया ‘ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं’ असं सांगू नका. ते चूक आहे आणि सगळीकडे सांगितलं जातं. पाणी चढतं ते मुख्यतः ज्योत विझल्यानंतर, आतली तापलेली हवा निवून आकसते तेव्हा. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा: ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं.

साबणाच्या मोठ्या फुग्यांसाठी एक लिटर फिल्टरचं पाणी, १०० मिली भांड्यांचं लिक्विड, २५ मिली ग्लिसरीन, आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं. जतकडे बोअरच्या जड पाण्यात फुगा धरत नाही, आणि कोरड्या उन्हात धरला तरी टिकत नाही. तिकडे हा प्रयोग सकाळी आठच्या आत उरकावा.

कार्यशाळेत गट दोघांचाच ठेवा. पाचांच्या गटात एक हुशार मुलगा सगळं करतो, दोघं त्याला सामान देतात आणि उरलेल्या मुली वहीत लिहितात. तीस मुलांना पंधरा ताटल्या आदल्या रात्री मांडून ठेवा, तीन जास्तीच्या. ड्रॉपर, बझर आणि लिंबं हमखास कमी पडतात. पंखे बंद, खिडक्या उघड्या. शेवटची वीस मिनिटं आवराआवरीला राखून ठेवा, आणि ती मुलांकडूनच करून घ्या.